वाचकांचे प्रश्न : १७ महिन्यांच्या कारभाराला पुतळा कशासाठी?

गेल्या अंकात घटक राज्यांच्या अधिकारांवर लिहिताना मी डोनाल्ड ड्यूअर यांचं नाव ओघात घेतलं होतं. स्कॉटलंडचे ते पहिले फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथले मुख्यमंत्री. त्या एका ओळीवर तीन पत्रं आली. या वेळचं सदर त्या तिघांसाठी.

प्रश्न : मॅडम, मी पूर्व भागात राहतो. आई विड्या वळते. ताई कॉलेजात तुमच्या वर्गात होती. मी चार वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परत आलो. तुम्ही लिहिलंत की ड्यूअर यांना तिकडे राष्ट्रपिता म्हणतात आणि ग्लासगोत त्यांचा पुतळा आहे. मी शोधलं तर ते पदावर जेमतेम १७ महिने होते. एवढ्याशा कारभाराला पुतळा? आणि स्कॉटलंडचं सरकार आपल्या राज्य सरकारसारखंच असतं का, तेही सांगा. परीक्षेला विचारतात.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुझ्या ताईला शिकवलंय, तेव्हा तुलाही अरे-तुरेच करते. राग मानू नकोस.

आधी पुतळ्याचंच सांगते, कारण तो मी जवळून पाहिलाय. माझी मुलगी ग्लासगोला असते. निवृत्तीनंतर तिच्याकडे दोन महिने राहिले होते. तिथे गावाच्या मध्यावर ब्युकॅनन स्ट्रीट आहे, आपल्या नवी पेठेसारखा सगळा दुकानांचा रस्ता, फक्त गाड्यांना बंदी. त्याच्या वरच्या टोकाला, रॉयल कॉन्सर्ट हॉलसमोर, ड्यूअर उभे आहेत. ९ फुटी ब्राँझ. पुतळा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उगारलेला हात नाही तर घोडा येतो. इथे एक उंच, किंचित पोक काढलेला चष्मेवाला माणूस आहे, अंगातला कोट चुरगळलेला, आत्ताच गाडीतून उतरल्यासारखा. मे २००२ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी त्याचं अनावरण केलं. पण लोक वर चढून पुतळ्याचा चष्मा मोडायचे, आणि तेही वारंवार. शेवटी २००५ मध्ये तो उंच चौथऱ्यावर चढवावा लागला.

खाली एक वाक्य कोरलेलं आहे. पावसाची भुरभुर चालू होती, माझ्या चष्म्यावर थेंब जमले होते. पदराने काच पुसून मी ते वाचलं. इंग्रजीत सहा शब्द आहेत, मराठीत चारांत होतं : 'स्कॉटलंडची एक संसद असेल.'

तू राज्यघटना वाचतोयस ना, मग कलम ५२ आठव. 'भारताचा एक राष्ट्रपती असेल.' ३१ वर्षं हे कलम शिकवलं मी. दर वर्षी मागच्या बाकावरून कुणी तरी विचारायचंच, मॅडम, यात शिकायचं काय? मग मी फळ्यावर दोन वाक्यं लिहायचे. 'दादा घरी असेल.' आणि त्याखाली, 'भारताचा एक राष्ट्रपती असेल.' वरच्या वाक्यातलं 'असेल' म्हणजे कदाचित, असला तर असला. खालच्या वाक्यातलं 'असेल' म्हणजे असणारच, मग कुणाला आवडो न आवडो. क्रियापद तेच, पण एकात अंदाज आहे आणि दुसऱ्यात हुकूम. स्कॉटलंडची संसद कित्येक वर्षं पहिल्या 'असेल'मध्ये अडकून पडली होती. तिला दुसऱ्या 'असेल'पर्यंत आणण्यात ड्यूअर यांची २० वर्षं गेली. पुतळा त्या २० वर्षांचा आहे. १७ महिने त्याच्या नंतरचे.

जन्म ग्लासगोतला, २१ ऑगस्ट १९३७. एकुलते एक. वडील त्वचारोगाचे डॉक्टर, पण आई-वडील दोघंही आजारी, म्हणून लहानपणीच बोर्डिंगात जावं लागलं. ग्लासगो विद्यापीठात आधी इतिहास, मग कायदा. तिथल्या वादविवादांत जमलेली मित्रमंडळी पाहा : जॉन स्मिथ पुढे मजूर पक्षाचे नेते झाले, मिंग कॅम्बेल लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे आणि डेरी अर्व्हिन ब्रिटनचे लॉर्ड चान्सलर, म्हणजे न्यायव्यवस्था पाहणारे मंत्री. ड्यूअर स्वतः १९६६ मध्ये, २८ व्या वर्षी, ॲबर्डीन साउथमधून खासदार झाले. १९७० ला पडले, तेव्हा ३२ वर्षांचे होते.

त्यानंतरची आठ वर्षं ते संसदेच्या बाहेर होते. वकिली केली. अडचणीत सापडलेल्या मुलांच्या सुनावण्या चालवणाऱ्या मंडळांचं काम पाहिलं. रेडिओ क्लाइडवर दर आठवड्याला कार्यक्रम केला. याच काळात संसारही मोडला. पत्नीने पुढे लग्न केलं ते डेरी अर्व्हिन यांच्याशी, विद्यापीठातल्या त्याच मित्राशी. १९९७ मध्ये हे दोघं एकाच मंत्रिमंडळात होते. ड्यूअर यांनी पुन्हा लग्न केलं नाही. तू दोनदा परत आल्याचं लिहिलंस, म्हणून ही आठ वर्षं मुद्दाम सांगितली. चरित्राच्या टिपणात ती एका ओळीत उरकतात. जगणाऱ्याला ती रोज सकाळी उठून काढावी लागतात.

एप्रिल १९७८ मध्ये ग्लासगोच्या गार्सकॅडन मतदारसंघात पोटनिवडणूक लागली आणि ड्यूअर पुन्हा निवडून आले. पुढच्याच वर्षी ते सार्वमत आलं.

मी तेव्हा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा हवी का, यावर १ मार्च १९७९ ला मतदान झालं. आमचे राज्यशास्त्राचे सर वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन वर्गात आले आणि म्हणाले, ५१.६ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं आणि तरीही विधानसभा मिळाली नाही, का ते सांगा. कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडीभर शेंगदाणे मागवले आणि टेबलावर १०० मोजले. हे स्कॉटलंडचे मतदार, म्हणाले. ३३ डावीकडे सारले, हे 'हो' म्हणणारे. ३१ उजवीकडे, हे 'नाही' म्हणणारे. ३६ मध्येच पडून राहिले, हे मतदानाला गेलेच नाहीत. कायद्यात अट अशी होती की 'हो' म्हणणारे एकूण मतदारांच्या निदान ४० टक्के हवेत. सरांनी डावीकडच्या ढिगावर बोट ठेवलं. मोजा, ४० भरतात का? मधले ३६ कुणाच्याच बाजूचे नव्हते, पण हिशेबात ते सगळे 'नाही'च्या पारड्यात गेले होते. ही अट ज्यांच्या दुरुस्तीने आली ते जॉर्ज कनिंगहॅम सत्ताधारी मजूर पक्षाचेच खासदार होते. ड्यूअरही त्याच पक्षाचे, आणि ते 'हो'साठी गावोगाव प्रचार करत होते. तो तास मी कधी विसरले नाही. पुढे शिकवायला लागल्यावर दर वर्षी शेंगदाण्यांची पुडी घेऊन वर्गात जायचे, तुझ्या ताईला विचार.

त्याच महिन्यात, २८ मार्चला, सरकार अविश्वास ठरावावर ३११ विरुद्ध ३१० असं एका मताने पडलं. मार्गारेट थॅचर आल्या आणि हुजूर पक्ष १८ वर्षं सत्तेवर राहिला.

या १८ वर्षांत स्कॉटलंडला काय वाटत होतं ते सोलापूरकराला चटकन समजेल. आपल्या महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकांकडे होता. दिवे लागत होते, घंटागाडी येत होती, घरपट्टी भरावी लागतच होती. नव्हतं ते सभागृह. इंद्रभुवनच्या पायऱ्या चढून गेलं तरी आपल्या प्रभागाचा माणूस म्हणून हात धरून कुणाला विचारायचं, हा प्रश्न होता. स्कॉटलंडने १७०७ मध्ये इंग्लंडशी एक होताना आपली संसद सोडली, पण कायदा, न्यायालयं, शाळा आणि चर्च वेगळंच राखलं. म्हणजे कायदा स्वतःचा, पण तो करणारं सभागृह लंडनला. कारभार पाहायला स्कॉटिश ऑफिस नावाचं खातं, त्याचा मंत्री लंडनचं सरकार नेमणार. १९८७ मध्ये स्कॉटलंडच्या ७२ जागांपैकी हुजूर पक्षाला १० मिळाल्या. तरी मंत्री त्यांचाच, आणि निर्णयही त्यांचेच. घरपट्टीऐवजी डोईपट्टी, तिथला तो गाजलेला पोल टॅक्स, १९८९ मध्ये आधी स्कॉटलंडवर बसली, इंग्लंडवर वर्षभराने.

१९८३ ते १९९२ अशी नऊ वर्षं ड्यूअर विरोधी बाकांवरून स्कॉटलंडचा किल्ला लढवत होते. हातात सत्ता नाही, समोर एकेक विधेयक मंजूर होतंय. याच काळात त्यांनी केलेलं एक काम मला सगळ्यांत मोठं वाटतं. ३० मार्च १९८९ ला स्कॉटिश घटना परिषद भरली. पुढे कधी संसद मिळालीच तर ती कशी असावी, हे आधीच ठरवून ठेवायला. कामगार संघटना, चर्च, स्थानिक संस्था, लिबरल डेमोक्रॅट असे सगळे आले. हुजूर पक्ष आला नाही, स्वतंत्र स्कॉटलंड मागणारी स्कॉटिश नॅशनल पार्टीही बाहेर राहिली. मजूर पक्षाने १९८७ मध्ये ७२ पैकी ५० जागा जिंकल्या होत्या. दुसऱ्यांबरोबर चटईवर बसण्याची त्यांच्यावर कुणी सक्ती केली नव्हती. ड्यूअर यांनी पक्षाला तिथे नेऊन बसवलं.

आणि त्याची किंमतही मोजली. आपल्यासारखी, ज्याला जास्त मतं तो विजयी, ही पद्धत नव्या संसदेला ठेवली असती तर तिथे मजूर पक्षाचं आयतं बहुमत होतं. १९९९ च्या पहिल्या निवडणुकीचे आकडेच पाहा. मतदारसंघाच्या ७३ जागांपैकी ५३ त्यांनी जिंकल्या. पण सभागृह १२९ चं. उरलेल्या ५६ जागा अशा वाटायच्या की प्रत्येक पक्षाच्या एकूण जागा त्याच्या मतांच्या प्रमाणाजवळ याव्यात. त्या ५६ मधून मजूर पक्षाला मिळाल्या फक्त ३. एकूण झाले ५६, बहुमताला हवेत ६५. म्हणजे आपल्याच पक्षाच्या हातातलं बहुमत जाईल असा कायदा त्या पक्षाच्याच मंत्र्याने लिहवून घेतला. अशी उदाहरणं वर्गात द्यायला मला फार थोडी सापडली.

पुढचा भाग भरभर सांगते. १९९२ ला हुजूर पक्ष चौथ्यांदा निवडून आला. १२ मे १९९४ ला जॉन स्मिथ हृदयविकाराने गेले. स्कॉटलंडची संसद हे आपलं अपुरं काम आहे असं ते म्हणत. मित्राच्या अंत्यविधीला ड्यूअर बोलले. नंतर ते पक्षाचे मुख्य प्रतोद झाले. आणि १ मे १९९७ ला, इकडे आपण महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन करून घरी आलो होतो त्या दिवशी, ब्रिटनमध्ये मतदान झालं. हुजूर पक्षाला स्कॉटलंडमध्ये एकही जागा मिळाली नाही. ड्यूअर स्कॉटलंडचे मंत्री झाले. ६० वर्षं भरत आली होती त्यांची.

११ सप्टेंबर १९९७ ला दुसरं सार्वमत. या वेळी प्रश्न दोन होते : संसद हवी का, आणि तिला आयकरात थोडा फेरफार करण्याचा अधिकार हवा का. पहिल्याला ७४.३ टक्के 'हो', दुसऱ्याला ६३.५ टक्के. ४० टक्क्यांची अट या वेळी नव्हती. आता शेंगदाणे पुन्हा मांड. १०० पैकी मतदानाला गेले ६०. पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हणणारे सुमारे ४५, दुसऱ्याला सुमारे ३८. जुनी अट तशीच राहिली असती तर संसद मिळाली असती, पण कराचा अधिकार बुडाला असता. एखाद्या मतदानाचा निकाल लोक लावतात तितकाच नियम लिहिणाराही लावतो, हे मी या दोन ढिगांवरून शिकवत आले.

विधेयक त्या डिसेंबरात आलं. पहिलंच कलम तो चार शब्दांचा हुकूम. ते वाचून दाखवून ड्यूअर म्हणाले, 'मला हे आवडलं.' १ जुलै १९९९ ला राणीच्या हस्ते संसदेचं उद्घाटन झालं, तिने भेट दिलेल्या चांदीच्या राजदंडावरही तेच वाक्य कोरलेलं होतं. भाषणात ड्यूअर म्हणाले की हे शब्द आधी आशा होते, मग विश्वास झाले, मग वचन, आणि आता ते वास्तव आहेत. मी ते भाषण वर्गात मराठी करून वाचायचे. 'आशा' शब्दापाशी मला दर वेळी सरांचे १०० शेंगदाणे दिसायचे.

१७ महिन्यांबद्दलही थोडं सांगायला हवं. सरकार आघाडीचं, लिबरल डेमोक्रॅटांच्या १७ जणांना घेऊन ७३. त्यांच्या आग्रहामुळे स्कॉटिश विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच भरावं लागणारं विद्यापीठ शुल्क रद्द झालं. जमिनीवरची सरंजामी मालकी संपवणारा कायदा २००० मध्ये झाला. आपल्याकडे वतनं आणि इनामं गेली त्यालाही तोवर काही दशकं उलटली होती. समलिंगी संबंधांविषयी शाळांत बोलण्यावर बंधन घालणारं कलम त्याच वर्षी काढलं, त्यावरून मोठं रान उठलं. मे २००० मध्ये हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली, ऑगस्टमध्ये ते कामावर परतले. १० ऑक्टोबरला राजधानी एडिंबरातल्या सरकारी निवासस्थानाबाहेर पायऱ्यांवर पडले. उठले, काही झालं नाही म्हणून कामाला लागले. पण आत मेंदूत रक्तस्राव होत होता, आणि शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ ठेवायची औषधं चालू होती. ११ ऑक्टोबर २००० ला दुपारी ते गेले. ६३ वर्षांचे होते.

आता परीक्षेपुरतं. आपलं राज्य सरकार राज्यघटनेतून जन्मतं. सातव्या अनुसूचीत राज्यसूची दिलेली आहे, आणि कुठल्याच सूचीत नसलेला विषय कलम २४८ प्रमाणे संसदेकडे जातो. स्कॉटलंडचं सरकार १९९८ च्या एका कायद्यातून जन्मलं, आणि तिथे वाटणी नेमकी उलटी आहे. लंडनने स्वतःकडे काय ठेवलं त्याची यादी कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात आहे : संरक्षण, परराष्ट्र, चलन, राज्यघटना वगैरे. त्या यादीत जे नाही ते सगळं एडिंबराचं. ही उलटी यादी लिहिली म्हणून नवीन विषय निघाला की तो आपोआप स्कॉटलंडकडे जातो. पण सत्ता सोपवलेली आहे, सोडलेली नाही. लंडनची संसद स्कॉटलंडसाठी अजूनही कायदा करू शकते, तसं त्याच कायद्याच्या कलम २८ मध्ये लिहून ठेवलंय. २०१६ च्या कायद्याने मात्र मान्य केलं की सार्वमत घेतल्याशिवाय ही संसद मोडायची नाही. 'डिव्होल्यूशन'ला मराठी शब्द काय, असं विचारलं तर मी 'सोपवणी' लिहिते. पाठ्यपुस्तकात 'सत्तेचे हस्तांतरण' असेल, पण हस्तांतर झालेली वस्तू परत मागता येत नाही.

प्रश्न : मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो. आपण ड्यूअर यांचं कौतुक करता, पण त्यांनी उभारायला घेतलेल्या संसदभवनाचा खर्च अनेक पटींनी वाढला, असं वाचलं. त्याची जबाबदारी त्यांची नाही काय?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : आहे. आदर आहे म्हणून हिशेब झाकायचा नसतो.

१९९७ च्या श्वेतपत्रिकेत इमारतीचा अंदाज १ कोटी ते ४ कोटी पौंडांचा होता. पूर्ण झाली तेव्हा खर्च सुमारे ४१.४ कोटी पौंड झाला होता, आणि तीन वर्षं उशीर. संसदेला तोवर एडिंबराच्या चर्चच्या सभागृहात बसावं लागलं. कॅल्टन हिलवर १९७९ च्या वेळी सभागृह म्हणून सजवून ठेवलेली जुनी शाळा तयार होती. ड्यूअर यांनी ती नाकारली आणि राजवाड्यासमोरची, मद्याच्या कारखान्याची होलीरूडची जागा निवडली. बार्सिलोनाचे वास्तुशिल्पी एन्रिक मिराल्येस यांना काम दिलं.

चूक कुठे झाली ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर दिसेल, साहेब. आराखडा पूर्ण होण्याआधी कामाचे तुकडे करून एकेक ठेका द्यायची पद्धत घेतली. एकूण आकडा कुणीच बांधून देत नाही, आणि मध्ये आराखडा बदलला की जोखीम पूर्ण मालकाची, म्हणजे जनतेची. २००४ मध्ये लॉर्ड फ्रेझर यांच्या चौकशीने या पद्धतीवर बोट ठेवलं, अधिकाऱ्यांना दोष दिला, आणि ड्यूअर यांनी संसदेची जाणूनबुजून दिशाभूल केली नाही, असंही नोंदवलं. माझं मत त्याहून थोडं कडक आहे. इमारत लवकर उभी राहावी ही घाई त्यांचीच होती. २० वर्षं ज्याची वाट पाहिली ते दगडात बघायची घाई मला समजते, पण सही त्यांची होती.

मिराल्येस जुलै २००० मध्ये ४५ व्या वर्षी गेले, ड्यूअर तीन महिन्यांनी. इमारत ९ ऑक्टोबर २००४ ला उघडली. दोघांपैकी कुणी ती पूर्ण झालेली पाहिली नाही. मी आत जाऊन आले आहे. तपासणी करून कुणालाही सोडतात, तिकीट नाही. सभागृहावर ओकच्या तुळया आहेत, एकीत एक पोलादी सांध्यांनी गुंतलेल्या, आणि बाकं समोरासमोर न मांडता अर्धवर्तुळात मांडलेली. लंडनला दोन बाजू एकमेकींकडे तोंड करून भांडतात. ही बाकं तशी लावायची नाहीत, हे आधीच ठरलेलं होतं.

प्रश्न : पाकिस्तानी घरातला मुलगा स्कॉटलंडचा मुख्यमंत्री झाला आणि वर्षभरात पदावरून गेला, तो कसा?
— एक वाचिका, बार्शी

उत्तर : हमझा युसुफ. जन्म ग्लासगोतला, १९८५ चा. आजोबा पाकिस्तानी पंजाबातल्या मियाँ चन्नूहून आले आणि क्लाइडबँकच्या सिंगर शिलाई मशीनच्या कारखान्यात कामाला लागले. २०११ मध्ये आमदारकीची शपथ युसुफ यांनी इंग्रजी आणि उर्दू दोन्हींत घेतली. मार्च २०२३ मध्ये आधीच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांच्यानंतर स्कॉटिश नॅशनल पार्टीची नेतानिवड झाली, ती त्यांनी ५२ विरुद्ध ४८ टक्के अशी काठावर जिंकली आणि २९ मार्चला पद घेतलं. त्या वेळी लंडनला पंतप्रधान ऋषी सुनक होते, त्यांच्या आजोबांचं गाव गुजराणवाला. एकाच पंजाबातली दोन घरं, एक लंडनच्या सरकारचं प्रमुख, एक एडिंबराच्या.

त्यांचं पद गेलं ते आकड्यांमुळे, ज्या आकड्यांबद्दल वर लिहिलंय त्याच. या सभागृहात एकट्याचं बहुमत सहसा होत नाही. ग्रीन पक्षाशी असलेला सत्तेचा करार युसुफ यांनी २५ एप्रिल २०२४ ला स्वतः मोडला. ग्रीन सदस्य विरोधात जातील आणि अविश्वास ठराव येईल हे लगेच दिसू लागलं, आणि २९ एप्रिलला त्यांनी राजीनामा जाहीर केला. कायद्याप्रमाणे २८ दिवसांत नवा नेता निवडायचा असतो, नाही तर निवडणूक. ८ मेला जॉन स्विनी यांनी शपथ घेतली. १९९९ च्या पहिल्या १२९ जणांत स्विनी होते, ड्यूअर यांच्या विरोधी पक्षात.